दुष्काळ आधीही पडले होते, मग १९३० च्या दशकातच अमेरिकेची माती का उडाली?

मे १९३४ मध्ये अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांवर धुळीचं वादळ उठलं आणि दोन दिवसांत ते थेट पूर्व किनाऱ्यावर पोचलं. शिकागोवर मातीचा थर बसला. न्यूयॉर्कमध्ये दिवसाढवळ्या अंधारून आलं. किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर, अटलांटिक महासागरातल्या जहाजांवरही शेतातली माती पडली. त्या एका वादळात साधारण ३५ कोटी टन माती जागची हलली, असा अंदाज आहे. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला, रविवारी, त्याहूनही भयंकर वादळ आलं. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत चाळीसेक मिनिटं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होता. तो दिवस ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखला जातो. दुसऱ्याच दिवशी रॉबर्ट गायगर या पत्रकाराने आपल्या बातमीत या भागाला ‘डस्ट बोल’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

ही हकिगत सांगताना कारण बहुतेक वेळा एकच दिलं जातं: दुष्काळ पडला आणि माती उडाली. मला हे अर्धवट वाटतं. याच मैदानांवर १८९० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला होता. त्याआधीचे दुष्काळ झाडांच्या खोडांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून वाचता येतात, आणि त्यांतले काही तर दशकानुदशकं चाललेले होते. धुळीची वादळंही तिथे नवी नव्हती, १८५० च्या दशकातल्या वसाहतकऱ्यांनी ती लिहून ठेवली आहेत. पण देशाच्या एका टोकाची माती दुसऱ्या टोकाला जाऊन पडावी, तीही वर्षानुवर्षं, असं तोवर घडलेलं नव्हतं. पाऊस आधीही दगा देत होता. १९३० पर्यंत जे बदललं होतं, ते जमिनीचं अंगावरचं पांघरूण.

गवताचं राज्य

जागा नीट समजून घेऊ. कॅन्ससचा नैऋत्य कोपरा, कोलोरॅडोचा आग्नेय कोपरा, न्यू मेक्सिकोचा ईशान्य भाग आणि ओक्लाहोमा व टेक्सास या राज्यांच्या ‘पॅनहँडल’ म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्या, हा डस्ट बोलचा गाभा. नकाशावर १०० अंश पश्चिम रेखांश शोधा. त्याच्या पूर्वेला शेतीपुरता पाऊस पडतो, पश्चिमेला त्याचा भरवसा नाही. या गाभ्यात वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे आपल्याकडच्या माण-आटपाडीच्या आसपासचा. एखाद्या वर्षी त्याच्या दीडपट, तर एखाद्या वर्षी निम्मा. वाऱ्याला आडवायला डोंगर नाही, झाड नाही.

अशा जागी निसर्गाने बसवलं होतं ते बुटकं गवत. बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा या त्यातल्या मुख्य जाती. वर दिसायला वीतभरही नाही, पण मुळं दीड-दोन मीटर खाली गेलेली, आणि वरच्या फूटभरात त्यांची इतकी दाट जाळी की पहिल्या वसाहतकऱ्यांनी त्या मातीच्या विटा कापून घरं बांधली. जॉन वीव्हर या नेब्रास्का विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने चर खणून ही मुळं मोजली आणि पुढे १९३० च्या दशकातल्या दुष्काळात या गवताचं काय होतं याच्याही नोंदी ठेवल्या. गवतही होरपळलं, कित्येक ठिकाणी विरळ झालं, मेलं. तरी जिथे ते न नांगरलेलं आणि फार चरून न संपवलेलं होतं, तिथे मेलेल्या मुळांनीसुद्धा माती बरीचशी धरून ठेवली.

या गवतावर बायसनचे कळप जगत आणि कळपांवर कोमांची, कायोवा, शायेन हे मूळनिवासी लोक. १८७० च्या दशकात कातड्यांसाठी बायसनची कत्तल झाली, या लोकांना सैन्याच्या बळावर राखीव वस्त्यांत ढकललं गेलं, आणि मैदान आधी गुरांच्या मोठ्या कंपन्यांसाठी, मग नांगरासाठी मोकळं झालं. डस्ट बोलची कथा सांगताना हा भाग गाळला जातो. पण ज्यांना या जमिनीवर हलतं-फिरतं राहायचं कळत होतं, त्यांना हाकलूनच ही शेती सुरू झाली.

जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला होता. कोरड्या प्रदेशात १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. पाणी नसलेल्या जमिनीवर गुरं पाळायची तर कुटुंबामागे २,५६० एकर द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सरकारने ऐकलं नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत होते, १९०९ च्या कायद्याने ते ३२० केले. जमीन विकणारे आणि रेल्वेवाले प्रचार करत होते की नांगर फिरला की त्याच्यामागून पाऊस येतो. १८८० च्या आसपास काही चांगली वर्षं आली, त्यामुळे लोकांना हे खरंही वाटलं.

गव्हाचा भाव

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि रशियाचा गहू युरोपात जायचा थांबला. अमेरिकन गव्हाला सोन्याचे दिवस आले. एका बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, सरकारने दोन डॉलरच्या वर भाव बांधून दिला. युद्धाआधी तो एक डॉलरच्या आतबाहेर असायचा. युद्ध संपलं, भाव उतरले. पण तोवर शेतकऱ्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला होता, कंबाइन हार्वेस्टर घेतला होता. भाव उतरला की हप्ता भागवायला जास्त पोती लागतात, आणि जास्त पोत्यांसाठी जास्त जमीन मोडावी लागते. म्हणून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, भाव पडते असतानाच, दक्षिणेकडच्या मैदानांवर लाखो एकर नवं गवत नांगराखाली गेलं. शहरातला वकील किंवा दुकानदारही जमीन घ्यायचा, पेरणीला यायचा, काढणीला यायचा आणि मधल्या काळात फिरकायचाही नाही. स्थानिक लोक अशांना ‘सूटकेस फार्मर’ म्हणायचे.

नांगरही बदलला होता. जुना पलटी नांगर ढेकळं काढायचा. नवा ‘वन-वे’ तव्यांचा नांगर ट्रॅक्टरमागे भराभर चालायचा, एका दिवसात कितीतरी एकर उरकायचा, पण पुन्हा पुन्हा फिरवला की मातीचं पीठ करायचा. वर भर म्हणून त्या काळचं कोरडवाहू शेतीचं शास्त्रच सांगत होतं की वरचा थर भुगा करून ठेवा, म्हणजे खालची ओल उडत नाही. ओल टिकवायला हे काही अंशी खरं होतं. वारा मात्र कोणी हिशेबात धरला नव्हता.

१९३१ ला विक्रमी पीक आलं. मंदी सुरू झाली होती, भाव चाळीस सेंटच्या आसपास घसरला, आणि कित्येक ठिकाणी गहू विकून काढणीचा खर्चही निघेना. सूटकेस फार्मर जमीन तशीच टाकून निघून गेले. जे मागे राहिले त्यांच्याकडे पुढच्या हंगामाला पैसा नव्हता. आणि नेमका तेव्हाच पाऊस गेला.

पाऊस का गेला, याचं उत्तर बऱ्याच उशिरा मिळालं. २००४ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर त्या काळचं हवामान उभं करून पाहिलं. विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा किंचित थंड आणि अटलांटिक किंचित उबदार होता. फरक अंशाच्या काही भागांएवढाच. पण त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातून मैदानांकडे ओल वाहून आणणारा वाऱ्याचा झोत कमजोर पडला आणि वाट बदलून गेला. नंतरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुढे आली: उघडी जमीन आणि हवेतली धूळ यांनी त्या दुष्काळाची धार वाढवली. जमिनीत ओल नाही, झाडोरा नाही, म्हणून बाष्प नाही. वर धुळीने ऊन अडवलं की हवा वर चढून ढग व्हायची क्रियाही मंदावते. म्हणजे समुद्राने सुरू केलेला दुष्काळ नांगरलेल्या जमिनीने वाढवला.

माती उडते म्हणजे नेमकं काय होतं

हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इलाज कळायचा तर आधी ही यंत्रणा कळायला हवी.

आपल्याला वाटतं, वारा आला की सर्वांत बारीक कण आधी उडत असतील. प्रत्यक्षात तसं होत नाही. अगदी बारीक कण एकमेकांना चिकटलेले असतात, शिवाय जमिनीला लागून हवेचा जो जवळपास स्थिर पातळ थर असतो त्यात ते दबून राहतात. वाऱ्याच्या हाती पहिल्यांदा लागतात ते मधले कण, साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे, म्हणजे बारीक वाळूएवढे. वारा वाढला की असा कण आधी थरथरतो, मग टुणकन सरळ वर उडतो. वर वारा जास्त असतो, तो त्याला पुढे ढकलतो, आणि कण अगदी तिरपा येऊन पुन्हा जमिनीवर आदळतो. ही उडी बहुतेक वेळा फूटभराच्या आतली असते.

त्या आदळण्यात सगळी मेख आहे. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगट्या फोडाव्यात तसा तो कण खालच्या ढिगाऱ्यात घुसतो. त्याच्याएवढे आणखी कण उडवतो, जाड कणांना पुढे लोटतो, आणि चिकटून बसलेली बारीक धूळ मोकळी करून हवेत सोडतो. बारीक धूळ एकदा वर गेली की ती खाली यायचं नाव घेत नाही, तीच न्यूयॉर्कपर्यंत जाते. उड्या मारणारे कण मात्र शेताच्या बांधाजवळ, कुंपणाशी, घराच्या भिंतीशी साचतात. डस्ट बोलच्या छायाचित्रांत कुंपणाच्या तारेपर्यंत चढलेली वाळू दिसते ती यांची. एकूण उडणाऱ्या मातीपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त माती अशी उड्या मारतच जाते.

यातून तीन गोष्टी निघतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तो वाहून नेऊ शकणारी माती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. म्हणून वर्षातले मोजके दिवसच सगळं नुकसान करून जातात. दुसरी गोष्ट, शेत जितकं लांब, तितकी धूप जास्त. शेताच्या वाऱ्याकडच्या टोकाला थोडेच कण सुटतात, पण प्रत्येक कण आणखी काहींना उठवत जातो, आणि दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर त्याचा लोंढा झालेला असतो. आणि तिसरी गोष्ट शेतकऱ्याला सर्वांत जास्त झोंबणारी: जी धूळ कायमची जाते तीच सर्वांत कसदार. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ तिच्यातच असतात. मागे उरते ती वाळू.

हे नुसतं अंगणातलं निरीक्षण नाही. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अभियंत्याने वाळवंटातल्या वाळूवर आणि विल्यम चेपिल या मृदाशास्त्रज्ञाने आधी कॅनडात व नंतर कॅन्ससमध्ये शेतातल्या मातीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. वाऱ्याचे बोगदे बांधून त्यात मातीचे ट्रे ठेवले, कण मोजले. त्यातूनच १९६५ मध्ये वाऱ्याने होणाऱ्या धुपीचं समीकरण तयार झालं. त्यात पाचच गोष्टी होत्या: मातीचा प्रकार, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, हवामान, शेताची उघडी लांबी आणि जमिनीवरचं आच्छादन. माती आणि हवामान आपल्या हातात नाही. उरलेल्या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातल्या.

आता १९३० च्या दशकाकडे परत बघा. तिथे गहू सप्टेंबरच्या सुमारास पेरतात, तो थंडीत जमिनीवर हिरवा पसरून राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणीला येतो. सप्टेंबरात ओल नसली तर बी उगवतच नाही. मग जमीन सगळा हिवाळा उघडी. थंडीत मातीतलं पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि या उलथापालथीत उरलीसुरली ढेकळं फुटून त्यांचा रवा होतो. त्यानंतर येतात फेब्रुवारी ते मे हे वर्षातले सर्वांत वादळी महिने. धुळीची मोठी वादळं नेमकी याच काळात का आली, याचं कोडं इथे सुटतं.

घरात, गोठ्यात, छातीत

कॅरोलाइन हेंडरसन ही शेतकरी बाई ओक्लाहोमाच्या पॅनहँडलमध्ये १९०८ पासून नवऱ्याबरोबर शेती करत होती. तिची त्या काळातली पत्रं मासिकात छापली गेली होती. त्यांत ती लिहिते की तोंडाला रुमाल बांधून, नाकपुड्यांना व्हॅसलिन लावून ती दोघं घरातली धूळ उपसायचा प्रयत्न करताहेत. खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या असायच्या. ताटं पालथी घालून ठेवायची आणि वाढतानाच सुलटी करायची, अशी पद्धत घरोघरी पडली होती.

धुळीचे कण एकमेकांवर घासून इतकी स्थिर वीज तयार व्हायची की मोटारींची इंजिनं बंद पडायची. लोक गाडीच्या मागे लोखंडी साखळी जमिनीला टेकवून ओढत न्यायचे, म्हणजे वीज उतरून जाईल. लहान मुलं आणि म्हातारी माणसं ‘डस्ट न्यूमोनिया’ने दगावली. १९३५ मध्ये रेड क्रॉसने तिथे तातडीची रुग्णालयं उघडली, मास्क वाटले. जनावरांना चारा नव्हता. रशियन थिसल नावाचं काटेरी तण वैरण म्हणून कापून साठवलं गेलं. १९३४ मध्ये सरकारने गुरं विकत घेतली. जी खाण्यालायकही उरली नव्हती ती तिथेच मारून पुरली.

लोक गेले का? पुष्कळ गेले. मैदानी राज्यांतून १९४० पर्यंत सुमारे २५ लाख लोक बाहेर पडले असं सांगितलं जातं. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर गाठोडी लादून निघालेली जी कुटुंबं आपण छायाचित्रांत पाहतो, त्यांतली बरीच डस्ट बोलमधली नव्हती. ती पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सा, मिसूरी अशा भागांतली कापसाच्या शेतावर कुळं म्हणून राबणारी होती. १९३३ नंतर सरकार लागवड कमी करण्यासाठी पैसे देऊ लागलं; जमीनमालकांनी ते घेतले, ट्रॅक्टर आणले आणि कुळांना घालवून दिलं. धुळीच्या गाभ्यातले बहुसंख्य शेतकरी मात्र जागचे हलले नाहीत. जमीन त्यांची होती, आणि उद्या पाऊस येईल या आशेवर ते दरवर्षी पेरत राहिले.

शेजाऱ्याची माती

समजा, तुम्ही यातले एक शेतकरी आहात. तुमचं शेत ३२० एकर. तुम्हाला कळलंय की काही पट्टे पडीक ठेवायला हवेत, धसकटं उभी ठेवायला हवीत, वाऱ्याला आडव्या सऱ्या काढायला हव्यात. त्यात पैसा जातो, इंधन जातं, शिवाय पडीक पट्ट्यात पीक येत नाही. एवढं करूनही तुमच्या वाऱ्याकडच्या बाजूचं शेत एखाद्या सूटकेस फार्मरने उघडं टाकलेलं असेल, तर त्याची वाळू उड्या मारत तुमच्या शेतात शिरते. तुमचं कोवळं पीक कापते, तुमची बांधलेली माती फोडते. तुमची मेहनत पाण्यात. उलट तुम्ही काम केलं तर त्याचा जास्त फायदा तुमच्या पलीकडच्या शेजाऱ्याला होतो, ज्याने काहीच खर्च केलेला नाही. मग शहाणा, कर्जात बुडालेला माणूस काय करेल? पेरून मोकळा होईल.

झेनेप हॅन्सन आणि गॅरी लिबकॅप या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलं ते हेच. मैदानावर लहान शेतं फार होती, लहान शेतकऱ्याला जमीन पडीक ठेवणं परवडत नव्हतं, आणि ठेवली तरी त्याचा लाभ त्याच्या हद्दीत राहत नव्हता. पॉवेलने १८७८ मध्ये जी चूक टाळायला सांगितलं होतं तिची किंमत इथे वसूल झाली. शेतकरी अडाणी होते किंवा हावरे होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्यापुढे जो हिशेब मांडून ठेवला होता त्यात माती राखणं एकट्याला परवडतच नव्हतं.

ह्यू हॅमंड बेनेट या माणसाचं मोठेपण मला इथे दिसतं. उत्तर कॅरोलायनात १८८१ मध्ये जन्मलेला हा मृदा-सर्वेक्षक. १९०५ मध्ये व्हर्जिनियातल्या लुईझा परगण्यात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने शेजारशेजारच्या दोन जमिनी पाहिल्या. जंगलातली माती मऊ, ओलसर, हाताने उकरता येणारी. लागूनच असलेल्या शेतातली माती कडक चिकण. उतार तोच, खडक तोच. पावसाच्या पाण्याने शेताचा वरचा थर कोणाच्या लक्षातही न येता पापुद्र्यापापुद्र्याने निघून गेला होता. पुढची तीस वर्षं त्याने हे एकच सांगितलं. १९३३ मध्ये त्याच्याकडे नव्या सरकारी विभागाची सूत्रं आली, आणि १९३५ च्या वसंतात मैदानांची धूळ वॉशिंग्टनपर्यंत येत असतानाच तो संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होता. २७ एप्रिल १९३५ ला मृदा संवर्धनाचा कायदा झाला.

शेतावरचं काम आपल्याकडच्या शेतकऱ्याला परकं वाटणार नाही. समपातळीत मशागत. उतारावर बांध. आडव्या सऱ्या काढणारं ‘लिस्टर’ नावाचं अवजार, म्हणजे आपला सरी काढायचा नांगर. तो खालची ढेकळं वर आणतो आणि उड्या मारणारे कण सरीत पडून राहतात. हा तातडीचा उपाय, कारण रेताड जमिनीत ढेकळं टिकत नाहीत. गव्हाच्या पट्ट्यांमध्ये ज्वारीचे पट्टे, आणि ज्वारी काढल्यावर तिची ताठ धसकटं उपटायची नाहीत. कॅनडात आल्बर्टामध्ये चार्ल्स नोबल या शेतकऱ्याने जमिनीखालून सरकणारं रुंद पातं बनवलं, कुळवाच्या जातीचं. ते तणाची मुळं कापतं पण वरचा पालापाचोळा जागेवरच ठेवतं. हॉवर्ड फिनेल हा ओक्लाहोमातल्या गुडवेलचा संशोधक या तंत्रांवर १९२० च्या दशकापासून खपत होता. पुढे ॲमरिलोतून या सगळ्या भागाचं काम त्यानेच पाहिलं. शेतकऱ्याला पदरमोड करावी लागू नये म्हणून सरकारने एकरी पैसे दिले.

पण खरा फरक पडला तो कामाच्या मापात. टेक्सासने १९३५ मध्येच वाऱ्याच्या धुपीसाठी जिल्हे करायचा कायदा केला. कॅन्ससमध्येही असा कायदा आहे की एखाद्याचं शेत उडत असेल आणि तो काही करत नसेल तर काउंटीने तिथे मशागत करावी आणि खर्च मालकाच्या करात लावावा. फेब्रुवारी १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सगळ्या राज्यपालांना पत्र पाठवून मृदा संवर्धन जिल्हे करायला सांगितलं. जिल्हा शेतकऱ्यांनी मतदान करून स्थापायचा, आणि मग आराखडा एका शेताचा नव्हे, सलग पट्ट्याचा करायचा. पहिला जिल्हा त्याच वर्षी बेनेटच्याच राज्यात, ब्राउन क्रीकला झाला. आज अमेरिकेत असे जवळपास तीन हजार जिल्हे आहेत. आपल्याकडे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यात हाच विचार दिसतो: अनेकांच्या जमिनींवर मिळून एकच समपातळी बांधबंदिस्तीची योजना. आपला मुख्य शत्रू वारा नसून पाणी, पण बांधाच्या वरचा आणि खालचा शेतकरी हा पेच तोच.

झाडांच्या पट्ट्यांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांचं श्रेय वाजवीपेक्षा जास्त दिलं जातं. १९३४ ते १९४२ मध्ये कॅनडाच्या सीमेपासून टेक्सासपर्यंत सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली. अचाट काम होतं. झाडांची रांग तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मोडते. मात्र हे पट्टे बहुतांश १०० अंशाच्या रेषेच्या आसपास, जिथे झाड जगेल अशा ठिकाणी लावले होते. डस्ट बोलचा कोरडा गाभा त्यांच्या पश्चिमेला राहिला. तिथली माती थोपवली ती ज्वारीच्या धसकटांनी, सऱ्यांनी आणि पुन्हा पेरलेल्या गवताने. सर्वांत बिघडलेली काही जमीन सरकारने विकत घेतली आणि तिच्यावर गवत लावलं. कॅन्ससच्या मॉर्टन काउंटीतलं सिमारॉन राष्ट्रीय गवताळ क्षेत्र ही अशीच जमीन. आजही तिथे नांगर चालत नाही.

पाणी मिळालं, आणि आता सरतंय

१९४० च्या आसपास पाऊस परतला. दुसऱ्या महायुद्धाने गव्हाचा भाव चढला आणि पुष्कळ जमीन पुन्हा नांगरली गेली. १९५० च्या दशकात पुन्हा दुष्काळ आला, काही भागांत १९३० च्या दशकापेक्षाही कडक. माती तेव्हाही उडाली, पण देशभर पसरली नाही. शेतं मोठी झाली होती, जिल्हे कामाला लागले होते, आणि आणखी एक गोष्ट घडत होती. जमिनीखालच्या ओगलाला जलधराचं, म्हणजे भूगर्भातल्या मोठ्या साठ्याचं, पाणी उपसायला पंप आले. १९५२ मध्ये फ्रँक झायबॅक या शेतकऱ्याने मध्यबिंदूभोवती गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाचं पेटंट घेतलं. विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळं त्याचीच.

ओगलाला आठ राज्यांखाली पसरलेला आहे. त्याच्या दक्षिण भागात पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे भरणा वर्षाला अगदी थोडा आणि उपसा कित्येक पट. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये अनेक विहिरींना आता मका भिजवण्याइतकं पाणी उरलेलं नाही. १९८५ पासून सरकार उताराच्या, धुपणाऱ्या जमिनीवर दहा-पंधरा वर्षं गवत ठेवण्यासाठी शेतकऱ्याला भाडं देतं. २००७ मध्ये देशभरात साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन या करारात होती. मग मक्यापासून इथेनॉल करायची लाट आली, धान्याचे भाव चढले, करार संपले तसं पुष्कळ गवत पुन्हा मोडलं गेलं.

१ मे २०२३ रोजी इलिनॉय राज्यात, म्हणजे डस्ट बोलपासून खूप पूर्वेला, चांगल्या पावसाच्या पट्ट्यात, नुकत्याच मशागत झालेल्या शेतांवरून उठलेली धूळ ५५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर आली. समोरचं दिसेना, गाड्यांवर गाड्या आदळल्या, माणसं गेली. त्या दिवशी तिथे कोणताही दशकांचा दुष्काळ नव्हता. पेरणीआधीची उघडी, भुसभुशीत जमीन आणि जोराचा वारा एवढं पुरेसं झालं.

ओगलालावरच्या शेतकऱ्यापुढे पाणी संपल्यावर दोन वाटा आहेत: कोरडवाहू गहू-ज्वारी, किंवा परत गवत. गवत वाटतं तितकं सोपं नाही. देशी गवताचं बी बारीक, उगवण सावकाश, आणि जमिनीवर नीट बसायला काही वर्षं जातात. त्या सुरुवातीच्या वर्षांत थोडं पाणी देता आलं तर त्याचा जम बसतो. म्हणून तिथले संशोधक शेतकऱ्यांना सांगताहेत की विहीर पूर्ण आटेपर्यंत थांबू नका, वर्तुळातला काही भाग आत्ताच, पाणी आहे तोवर, गवताखाली आणा.